हिरव्या पानाची काजं

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात कापड बेतायचे मास्तर, शिवायचे मास्तर, आणि गिऱ्हाइकाची वाहवा घ्यायचेही मास्तरच. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या वाट्याला यायची ती काजं. शर्टाची, कोटाची, शाळेच्या गणवेशाची. दुकानामागच्या खोलीत खिडकीला खेटून एक स्टूल होतं, त्यावर बसून त्या दिवसभर सुईनं काजं करायच्या. मशीनवर केलेलं काज त्यांना डोळ्यांसमोर नको असायचं. भोक काय, कुणीही पाडतं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावायच्या. पण काठ असे बांधायचे की रोज उघडून-मिटून कापड विरलं तरी काज विरायचं नाही, तेव्हा ते काज. ऐकणारा मान डोलवायचा, बटण लावायचा आणि चालू लागायचा. आरशासमोर उभं राहून कुणी काजाचं कौतुक केल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. काज नजरेत भरलं म्हणजे ते बिघडलं, असा त्यांचा हिशेब होता, आणि हे सांगताना त्या स्वतःच खुदकन हसायच्या.

मास्तरांची धाकटी बहीण पलीकडच्या रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एका संध्याकाळी ती दुकानात आली, कापडांच्या ढिगावर पर्स टाकली आणि म्हणाली, "दादा, मला एक झाड शिवून हवंय."

"माप आणलंयस झाडाचं?" मास्तरांनी कात्रीवरची नजरही न काढता विचारलं.

शाळेच्या कार्यक्रमात तिच्या वर्गाच्या मुली झाडाच्या पोटापाण्याचं नाटक करणार होत्या. एक मुलगी मूळ, एक खोड, आणि मागे पलंगाएवढं एक पान. पुठ्ठ्याची सोंगं तिला नको होती. झाड आतून जसं असतं तसं दिसायला हवं होतं.

मूळ आणि खोड मास्तरांनी हौसेनं शिवलं. मुळाच्या टोकावर टोपी असते, मातीत घुसताना टोक सोलवटू नये म्हणून, आणि ती झिजत गेली की आतून नवी येत राहते, असं बहिणीनं सांगितलं. त्यावर काकूंनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान वर करून दाखवलं. मूळटोपी आपल्यालाही आहे, फक्त नवी यायची सोय नाही, म्हणाल्या. टोकाच्या थोडं वर लोकरीच्या धाग्यांची दाट झालर लागली, कारण जाड मुळं झाड धरून ठेवतात, पण मातीतलं पाणी पितात ते मुख्यतः हे केसासारखे धागे. खोडाच्या झग्यावर दोन रंगांची पायपिंग चढली. पाणी वर नेणाऱ्या नळ्या निळ्या, त्या आतल्या बाजूला. पानात तयार झालेलं अन्न झाडभर पोचवणाऱ्या तांबड्या, त्या बाहेर, सालीजवळ. मास्तरांनी एकदा ती उलटी लावली आणि बहिणीनं ती उसवायला लावली. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी असं उसवलं नसतं.

गाडी अडली ती पानाशी. पानाच्या खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत येते, वाफ बाहेर जाते. ही तोंडं रंगमंचावर उघडायला आणि मिटायला हवी होती. मास्तरांनी चेन लावून पाहिली, तर पान प्रवासाच्या बॅगेसारखं दिसू लागलं. नाडी घालून पाहिली, तर तोंड मिटायचं पण उघडायचं नाव नाही. बहीण म्हणाली की पानाला नाडी ओढायला हात नसतात. मास्तरांच्या नाकी नऊ आले, आणि ते चहाचं निमित्त काढून बाहेर गेले.

काज करता करता काकू हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "वन्सं, खरी कशी उघडतात हो?"

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून नणंद त्यांना दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. कुंडीतलं एक पान तिनं दुमडून मोडलं, खालच्या बाजूची पापुद्र्यासारखी साल अलगद ओढली, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काकूंना आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग नुसता हिरवट धुरळा. नणंदेनं चक्री फिरवली, आणि काकू भिंगाला चिकटल्याच. इतका वेळ डोळा काढला नाही की नणंदेला वाटलं, काही दिसतच नसावं.

"वहिनी, दिसतंय ना?"

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या, "ही तर काजं आहेत."

सगळी साल काजांनी भरली होती. प्रत्येकाला दोन ओठ, आणि फटीकडच्या बाजूला काठ जाड, अगदी हातानं बांधल्यासारखा. नणंदेनं समजावलं, की त्या दोन रक्षक पेशी. त्यांच्यात पाणी भरलं की त्या फुगतात. आतला काठ जाड असल्यामुळे फारसा ताणला जात नाही, बाहेरचा पातळ असतो तो ताणला जातो. मग दोघी बाहेरच्या अंगाला कमानीसारख्या वाकतात आणि मधे फट पडते. पाणी कमी झालं की त्या सैल पडून मिटतात. या फटींतून वाफ उडते म्हणूनच तर मुळाशी असलेलं पाणी एवढ्या उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत ओढलं जातं. काकूंनी पुन्हा डोळा लावला. एवढं काम, आणि पानाच्या पालथ्या अंगाला, कुणाला दिसत नाही अशा जागी. त्यांच्या पोटात आनंद मावेना. घंटा झाली तरी त्या उठेनात, तेव्हा नणंदेनं त्यांना दंडाला धरून उठवलं.

घरी येऊन त्यांनी लांब फुगे मागवले. फुग्यांना कापडी खोळी शिवल्या आणि एका बाजूला जाड पट्टी लावून तिच्यावर घट्ट काजाचे टाके घातले. फुगे फुगवल्यावर दोन्ही ओठ एकमेकांवर असे दाबून बसले की मास्तर म्हणाले, "हे उघडायचं होतं ना? हे तर रुसलंय."

पट्टी उलट्या बाजूला लागली होती. ती फटीकडे घेतली, तर ओठ वाकेचनात, ताठ उभे राहिले. काकूंनी खोळ चाचपून पाहिली. बाहेरचं कापड ताणलंच जात नव्हतं. ताणलं जाणारं कापड घरात कुठे आहे याचा विचार करत त्यांनी कपाट उघडलं, आणि अंघोळीहून आलेले मास्तर बराच वेळ आपली बनियनं शोधत राहिले. बनियनच्या कापडात फुगा फुगला, खोळ बाहेरून ताणली, आतून पट्टीनं धरून ठेवली, दोन्ही ओठ कमानीसारखे वाकले आणि मधे सुबक फट पडली. मास्तर टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. बनियनांबद्दल बोलायला आलेले ते तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "पुन्हा कर बघू."

कार्यक्रमाच्या दिवशी सायकलचा पंप घेऊन काकू पानामागे उभ्या राहिल्या. फुग्यांना जोडलेल्या नळीतून हवा नीट कशी सोडायची हे त्यांच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मुळानं पाणी प्यायलं, खोडानं ते वर पोचवलं, आणि नणंदेनं खुणेची टाळी वाजवली. काकूंनी पंप दाबला. सभागृहातून एक लांब, आश्चर्याचा हुंकार आला. पानावरची सगळी तोंडं एकदम उघडली होती. तेवढ्यात एक फुगा फाटकन फुटला आणि एक तोंड मिटलं. काकूंचा हात थबकला. पण मूळ झालेली मुलगी न गडबडता म्हणाली, "त्याला ऊन फार झालं वाटतं." सभागृह हास्यानं दुमदुमलं, आणि काकू पानामागे पंपाला टेकून पोट धरून हसल्या.

कार्यक्रम संपल्यावर कुणाची तरी आई विचारत आली, पान कुणी शिवलं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे छाती पुढे काढली आणि मग बाजूला सरून काकूंकडे बोट केलं. काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पान शाळेत ठेवायला जागा नव्हती, आणि रिक्षेत ते मावेना. शेवटी पुढे मास्तर, मागे नणंद आणि मधे काकू, असं तिघांनी ते डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी रस्त्यानं निघाले. पानाची गार सावली तिघांवर पडली होती. बसवाल्यानं बस थांबवून वाट दिली. न्हाव्यानं गिऱ्हाईक तसंच साबण लावलेलं ठेवलं आणि बाहेर येऊन विचारलं, हे काय म्हणून. काकूंनी पान तिरकं करून त्याला खालचं अंग दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली. पुढच्या कोपऱ्यावर फळवाली भेटली, तिलाही सांगितलं. त्यापुढे चौकात तर चारपाच जण गोळाच झाले.

"अगं, तोंडांपुरतं सांग," पुढून मास्तर म्हणाले. "हात भरून आलेत."

"तोंडं उघडतात कशाला, हे कळायला नको का त्यांना?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मुळाच्या टोपीपासून सुरुवात केली.