सांगवीच्या शाळेतली पंगत

"सांगवीला पूर आलाय. यायचंय तर ये, पण रिकाम्या हाती ये," बारामतीच्या शबानानं फोनवर बजावलं. माझी ही मैत्रीण कापडदुकान सांभाळून सांगवीच्या शाळेत पूरग्रस्तांच्या जेवणाचं बघत होती. रिकाम्या हाती कशाला? नसत्या चौकशा केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. निघाले.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. मोरगावला गाडी टेकली तेव्हा देवळापर्यंत जायला वेळ नव्हता. वडापाव आणि चहा पन्नासात उरकला. बारामतीहून पुढं शेअर रिक्षा मिळते, पण रस्ता सुरू आहे का ते आधी विचारा. आमची रिक्षा पाण्याला मोठा वळसा घालून गेली.

शाळेत भात-आमटी तयार होती, पण व्हरांड्यातले नारायणतात्या उठेनात. नीरेचं पाणी घरात शिरल्यापासून त्यांच्या पोटात नुसता चहा. सून अगदी काकुळतीला आली होती.

"आमच्या दारातनं कोन उपाशी गेलं न्हाय," तात्या म्हणाले, "आन् आता आमी ताट घिऊन रांगंत हुभं ऱ्हायाचं व्हय?"

शबाना समजूत घालेल असं वाटलं. छे! तिनं आमटीची बादलीच त्यांच्यापुढं ठेवली. "तात्या, पंगत बसलीया. वाढायला मानूस न्हाय."

"मी आहे की," मी पुटपुटले.

"तू गप बस गं."

मग कळलं. बाहेरून आलेली जेवणाची पाकिटं इथं कुणी हातात घेईना. तेव्हा गावातल्या बायकांनीच ठरवलं, की रांग नको, पंगत बसवायची. आणि ज्यांची घरं पाण्यात, त्यांनीच वाढायचं.

तात्या धोतर खोचून उठले. काय तो आग्रह! नको म्हणणाऱ्याच्या भातावरही पळी रिकामी. शेवटी वाढप्यांची पंगत बसली आणि वाढायला मी. तात्या मान खाली घालून बराच वेळ नुसता भात कालवत राहिले. सून दारातून बघत होती.

"ताई, आमटी आना की हिकडं," तात्या म्हणाले.

मी बादली घेऊन अक्षरशः धावले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतले. घरची कामं सुचेनात, म्हणून शबानाला फोन लावला. तात्या आज जेवले का?

"जेवले का काय विचारतीस? काल आमटीत मीठ कमी होतं म्हणं. सकाळधरनं चुलीपाशी बसलेत, आमाला कुनाला फिरकू देत न्हाईत."