पांढऱ्या पळसाचा पहारा

माझ्या सासूनं, शालूबाईनं, अंगणात पळस लावला तेव्हा गाव हसलं होतं. रानात पळस पायलीचे पन्नास, आणि ही बया त्याला घागरीनं पाणी घालते! पण बी साधं नव्हतं. तिच्या माहेरी, सिद्धेश्वरच्या रानात, पांढऱ्या फुलांचा एकुलता एक पळस होता. पांढऱ्या पळसाच्या मुळाखाली धन असतं म्हणतात, म्हणून लोकांनी तो मुळासकट उपटला. धन सोडाच, खड्ड्यात खेकडाही निघाला नाही. आडव्या पडलेल्या झाडाची एक शेंग तिनं पदरात बांधून आणली.

बारा वर्षं तिनं ते लेकरासारखं वाढवलं. मग कळ्या आल्या, पहिलंच फूल पांढरं उमललं, आणि आनंद व्हायचा तर तिची झोपच उडाली. गावाला कळलं की कुदळी येणार. म्हणून दर फाल्गुनात ती शिडी लावून कळ्या खुडायची. ज्या फुलांसाठी एवढी उस्तवार, ती तिनं डोळे भरून कधी पाहिलीच नाहीत. मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. एकदा शेंड्यावरची दोन फुलं राहून गेली, ती नेमकी शेजारच्या संतरामनं पाहिली. संतराम एकटा जीव; ना बायको, ना भाऊबंद. त्या दिवसापासून तो आमच्या घराभोवती घोटाळायला लागला.

अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात निजामाचे रझाकार जवळच्या गावापर्यंत आल्याची बातमी पसरली. चार दिवसांत आमचं गाव पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात निघून गेलं. माझे मालक लेकरं आणि बैल घेऊन पुढं गेले; सासूला आणायचं माझ्या गळ्यात पडलं. आणि ही बाजेवर ठाण मांडून बसलेली.

"आत्याबाई, चला ना. काहून असं करून राहिल्या तुमी?"

"तू जा. कुठं बी गेलं तरी पळसाला पानं तीनच. मी हालले की तो संतराम झाड खणंल."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बघणारं कुणी उरलं नाही म्हणून तिनं कळ्या तशाच ठेवल्या होत्या, आणि सगळं झाड पांढरं झालं होतं. ती नुसती बघत होती. तेवढ्यात संतराम कुदळ घेऊन आत आला आणि सरळ बुंध्याशी गेला.

सासूनं पितळी परात उचलली, हातात बत्ता घेतला. "एक घाव घाल, मी परात बडवते."

"वैनी, येड्या झाल्या काय? आवाज ऐकून रझाकार येतील. तिघं बी मरू."

"व्हय. बराबर तिघं."

नदीपल्याडची माझी लेकरं डोळ्यांपुढं आली. ही बाई बोलेल ते करणारी. मला ते ठाऊक होतं आणि त्यालाही. उगारलेली कुदळ खाली येईना. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं तसा तो दचकला आणि त्यानं कुदळ टाकून दिली.

"आता चल आमच्या संगं," सासू म्हणाली. "तुला हितं सोडून जाऊ व्हय?"

तो पुढं, मागं परात घेतलेली ती, आणि तिच्या मागं मी. अशी आम्ही नदी ओलांडली.

झाड वाचलं, हे आधीच सांगून टाकते. पोलीस कारवाईनंतर परतलो तेव्हा ते जागेवर उभं होतं. पण नदीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीतले ते महिने! सासू संतरामला नजरेआड होऊ देईना. सकाळ-संध्याकाळ एकच विचारणं, "संतराम कुठं गेला?" झाड खणायला गावाकडं पळून जाऊ नये म्हणून त्याला आपल्याच चुलीपाशी जेवायला बसवायची. एकदा सरपणाला गेलेला तो उशिरा आला, तर ती नदीपर्यंत शोधत गेली.

"कुठं उलथला होतास रे?"

त्यानं मोळी खाली ठेवली. त्याचे डोळे भरले होते. "मी न्हाई पळत, वैनी. पण तुमी इचारत जा. माय गेल्यापासून मी कुठं गेलो, हे कुणी इचारलंच न्हाई."

सासूनं मोळी उचलून आपल्या डोक्यावर घेतली. गावी परतल्यावरही ती दिवेलागणीला हाक मारायची, "संतराम, आलास का रे?" त्यानं पलीकडून "व्हय, वैनी" म्हटलं की मगच ती जेवायला बसायची.