टेबलावरचा चिचा

किकिंदा गावाच्या चौकात कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान आहे, तिथे टेबलामागे उभी असते ती ल्युबिंका. अंगानं भरलेली, केस आखूड, तोंडाचा पट्टा सदा सुरू. "हा डाग वाइनचा म्हणता? तीस वर्षं डाग काढतेय मी, मला शिकवू नका. आणि हो, बायकोला पाठवू नका घ्यायला, स्वतः या," असं एखाद्या नवरोबाला भर दुकानात सुनावायला ती कमी करत नाही. लोक हसतात, तो बिचारा लाल होतो, आणि पुढच्या आठवड्यात परत तिच्याकडेच येतो. ही बाई घरी जाऊन माणसांची पोटं फाडते हे कुणी सांगितलं असतं, तर गावानं त्याच्या डोक्यावर थंड पाणी ओतलं असतं.

पण खरं होतं ते. म्हणजे खेळात.

तिचा मुलगा रास्तको श्टुटगार्टला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. "आई, भिंतीशी बोलत बसू नकोस, माणसांशी बोल," म्हणाला आणि तो खेळ लावून दिला. समुद्रात भरकटलेलं एक जुनाट मालवाहू जहाज, त्यावर पाच-पंचवीस माणसं, प्रत्येक माणूस म्हणजे कुठेतरी आपापल्या घरी बसलेला जिताजागता खेळाडू. कुणी कप्तान, कुणी आचारी, कुणी भट्टीवाला. बोलायचं ते टाइप करून, आणि आपल्या सोंगातच राहून बोलायचं. स्वतःचं काही सांगायचं असेल, बाबांनो जेवायला उठतोय वगैरे, तर ते कंसात लिहायचं. कंसाबाहेर जे येईल ते सोंगाचं.

काय व्हायचंय असं खेळानं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ल्युबिंकानं क्षणभरही विचार न करता डॉक्टर निवडलं. तिला विचारायची गरजच नव्हती. देशावर निर्बंध होते त्या काळात, दुकानांत साखरसुद्धा मिळत नव्हती तेव्हा, तिचा नवरा रादिवोय आजारी पडला होता. ऑपरेशन करू, डॉक्टर म्हणाले, पण दोरा तुम्ही आणा, हातमोजे तुम्ही आणा. ही बसनं सीमेपलीकडे सेगेदला जाऊन टाक्यांचा दोरा घेऊन आली, कोटाच्या अस्तरात लपवून. मग ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. आत काय झालं, कोण चुकलं, की कुणीच चुकलं नाही, हे तिला कधी कळलं नाही. आता निदान खोट्या जहाजावर का होईना, दाराच्या आत ती होती.

आणि काय हात बसला होता तिचा! चाकूनं चीर, चिमट्यानं रक्त थांबव, फाकव, करवतीनं बरगडी काप, काम झालं की डाग देऊन बंद कर. नीट अवजारं असली तर कुणीही करील. हिची ख्याती होती ती जुगाडाची. चाकू नसेल तर फुटक्या बाटलीची काच. चिमटा नसेल तर तार कापायची पक्कड. भूल म्हणून रकिया, म्हणजे फळांची कडक दारू, तीसुद्धा अर्धी रुग्णाला आणि अर्धी जखमेवर. अशा अवजारांनी हात घसरायचा, रक्ताची चिळकांडी उडायची, आणि सगळं जहाज भोवती जमून टोमणे मारायचं. "डॉक्टर, शर्टाची कॉलर नाही ती, जरा हळू!" असं आचारीण लिहायची. तिला सगळे पाप्रिका म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक!

खरं नाव कुणाचंच ठाऊक नव्हतं, आणि याला कारण होतं. हे जहाज आपल्याकडच्या लोकांचं. आपल्याकडचे म्हणजे पूर्वी एक देश होता, युद्धात फुटला, त्याचे. आता त्याचे किती तुकडे झालेत ते तुम्हीच मोजा. भाषा एकच, पण पहिल्याच वर्षी कुणीतरी कप्तानाला सहज विचारलं, "कुठला रे तू?" त्यानं सांगितलं. मग दुसरा म्हणाला, अस्सं, मग तुझा बाप युद्धात कुठे होता? संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या आयांचा उद्धार झाला, मेलेल्यांची नावं निघाली, निम्मं जहाज सोडून गेलं. खेळ चालवणारा ओग्नेन परदेशात, ग्राझला असतो. त्यानं हात जोडले आणि नियम केला: गाव विचारायचं नाही, नाव विचारायचं नाही. लोकांनी तो असा काही मनावर घेतला की पावाला प्रत्येक मुलखाचा शब्द वेगळा, त्यावरून माणूस ओळखू येईल म्हणून जहाजावर पावाला 'ते चावायचं' म्हणू लागले, आणि कॉफीला 'ते काळं'. "अगं पाप्रिका, ते काळं आण की!" हसायला येतं, पण त्या नियमानं माणसं टिकली. मी तर म्हणेन, सबंध देशाला जमलं नाही ते त्या गळक्या जहाजाला जमलं होतं.

त्यात एक होता चिचा. चिचा म्हणजे म्हातारबा. भट्टीवाला. बोटं मंद चालायची त्याची, एक ओळ लिहायला केवढा तरी वेळ घ्यायचा, पण नाटकी असा की विचारू नका. एकदा बोटात कुसळ गेलं म्हणून अख्खा रविवार मरत होता; मृत्युपत्र काय केलं, भट्टीचा निरोप काय घेतला! ल्युबिंकाला तो 'पोरी' म्हणायचा. साठीला टेकलेल्या बाईला पोरी म्हणणारं जगात दुसरं कोण उरलंय? दुकानातून थकून आली की आधी ती भट्टीकडे जायची, म्हातारा आलाय का बघायला.

तो रविवार होता. ल्युबिंकानं दुपारचं सूप आटोपलं आणि बसली. जहाजावर कुणी उपद्व्यापी दवाखान्याला आग लावून मोकळा झाला होता. सगळी अवजारं जळून कोळसा. तेवढ्यात भट्टीतून चिचाची ओळ आली.

"पोरी, छातीत कळ येतेय."

"आली का तुमची कळ! आज काय, कुसळ की खिळा?" तिनं लिहिलं.

"डावा हात गेला. दगड ठेवलाय कुणी छातीवर."

पाप्रिका आणि ती, दोघींनी त्याला उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर घातलं. हातातलं तपासणी यंत्र तेवढं वाचलं होतं, ते तिनं फिरवलं. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"चिचा, यंत्र म्हणतंय तुम्ही घोड्यासारखे ठणठणीत आहात."

"यंत्राला काय कळतंय पोरी."

तेही खरं होतं. त्या खेळात एखादा दुष्ट खेळाडू दुसऱ्याच्या छातीत गुपचूप अळी सोडतो, ती यंत्राला दिसत नाही. छाती उघडून काढावी लागते. ल्युबिंकाला वाटलं, हेच ते. म्हातारा किती छान रंगवतोय! ती खूश झाली. हो, खूश झाली. हे नंतर तिला सगळ्यात जास्त खात राहिलं. तिनं बाह्या सारल्या, त्याचा शर्ट कापून काढला, बाटली फोडून काच घेतली, ओट्याखालून पक्कड, आणि फाकवायला सूपाचा पळा.

"आज बळी जाणार म्हातारा," पाप्रिका म्हणाली.

पहिला छेद घसरला. दुसरा बसला. रकिया ओतली. मधेच चिचाची ओळ आली, अक्षरं इकडची तिकडे झालेली: "घाम फुटलाय. शर्ट भिजला सगळा."

"कुठला शर्ट, चिचा? तुमचा शर्ट कापून टाकला मी! आज संवाद चुकायला लागले तुमचे," ल्युबिंकानं टोला हाणला. सगळं स्वयंपाकघर हसलं. कुणीतरी टाळ्या लिहिल्या.

मग तिनं बरगडी कापली आणि छाती उघडली. अळी नव्हती. काही म्हणजे काही नव्हतं. पडद्यावर चिचाचं काळीज लालभडक, धडधाकट, ठोक्याला ठोका देत चाललं होतं.

ती बघत राहिली. मग तिनं वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. यानं शर्ट भिजला म्हटलं. याच्या अंगावर शर्ट नाही. मग भिजलाय तो कुणाचा?

तिनं कंसात लिहिलं: (चिचा, खरंच दुखतंय का?)

वेळ गेला. मग कंसाशिवायच आलं: "खरंच."

आणि मग: "कंस सापडत नाहीत पोरी."

ल्युबिंकानं लगेच लिहिलं: (कुठे आहात? गाव? देश कुठला? सांगा लवकर!)

मग कुणीतरी लिहिलंच, (डॉक्टर, नियम.)

(नियम गेला खड्ड्यात! चिचा, गाव सांगा! रस्ता सांगा!)

आता सगळेच ओरडायला लागले, कंसात, कंसाबाहेर, गाव, गाव, गाव सांगा. चिचा लिहीत होता, खाली तशी खूण दिसत होती. ओळ आली.

"लिफ्ट बंद आहे. त्यांना सांग. चौथा मजला."

बस्स. मेल्याला काळजी कुणाची, तर स्ट्रेचर उचलणाऱ्यांची! त्यानंतर खूण विझली, ती पुन्हा लागली नाही.

तिनं फोन उचलून रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला.

"पत्ता?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"चौथा मजला. लिफ्ट बंद आहे."

"रस्ता कुठला?"

"माहीत नाही."

"गाव?"

"तेही माहीत नाही. अहो, माणूस मरतोय तिथे!"

"बाई, निदान किकिंदातला तरी आहे ना?"

"आपल्या देशातला आहे की नाही तेच माहीत नाही मला," ल्युबिंका म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पलीकडची बाई वाईट नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "ताई, मग मी गाडी कुठे पाठवू, तुम्हीच सांगा." फोन तिनंही लगेच ठेवला नाही.

तिकडे पाप्रिकानं ओग्नेनला गाठलं. कोण कुठून आत येतो ते तुला कळत असेलच की! ओग्नेननं कपाळ बडवलं. त्यानंच, कुणाचा माग लागू नये म्हणून, सगळ्यांना फ्रँकफर्टमधल्या एकाच सर्व्हरवरून आत घ्यायची सोय करून ठेवली होती, आणि नोंद म्हणून काही ठेवतच नव्हता. (सगळे फ्रँकफर्टचे दिसता तुम्ही मला. वचन दिलं होतं ना मी!) तो हे पुन्हा पुन्हा लिहीत होता. मग लोकांनी डोकी चालवली. कुणी म्हणालं, चिचा एकदा अंजिराच्या झाडाबद्दल बोलला होता, समुद्राकडचा असणार. कुणी म्हणालं, छे, तो गोठलेल्या नदीबद्दल बोलला होता. शिव्यांवरून ओळखावं, तर शिव्या त्याला सगळ्याच तुकड्यांच्या यायच्या. इतकी वर्षं सगळ्यांनी स्वतःला इतकं नीट पुसून ठेवलं होतं की हाताला काहीच लागेना. प्रत्येकानं आपापल्या गावात फोन केले. साराएवोतून, ओसियेकहून, निक्शिचहून, कुठून कुठून. त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांची गावं कळली, आणि कुणाच्याही तोंडून वावगा शब्द निघाला नाही. पण चौथे मजले सगळीकडे आहेत, आणि बंद पडलेल्या लिफ्ट तर त्याहून जास्त.

टेबलावर चिचा छाती उघडी टाकून पडला होता. तसं कसं ठेवायचं? ल्युबिंकानं डोळे पुसले आणि काम पुरं करायला घेतलं. पळा काढला, बरगडी बसवली, पक्कड सोडवली, स्वयंपाकाच्या लायटरनं कडा डागल्या. या खेपेला हात एकदाही घसरला नाही. पडद्यावर अक्षरं आली: शस्त्रक्रिया यशस्वी, रुग्ण स्थिर. ती वाचून तिनं कीबोर्ड दोन्ही हातांनी बडवला. असली थट्टा कुणी करू नये माणसाची.

ओग्नेननं खेळाची ती फेरी संपवली नाही. चिचा टेबलावर श्वास घेत पडून राहिला, म्हणजे त्याच्या घरी कॉम्प्युटर चालू होता, एवढंच कळत होतं. लोक आळीपाळीनं त्याच्यापाशी बसले. पाप्रिकानं त्याच्या उशाशी ते काळं आणून ठेवलं. सोमवारी ल्युबिंका दुकानात गेली नाही. दुपारी ती पावाचा तुकडा मोडत पडद्याकडे बघत असताना एक ओळ उमटली: चिचा जहाज सोडून गेला.

कॉम्प्युटर नुसता बंद पडला असता तर 'संपर्क तुटला' असं आलं असतं. कुणीतरी बाहेर पडायचं बटण दाबलं होतं, 'नक्की ना?' या प्रश्नाला होय म्हटलं होतं. तो स्वतः होता? मुलगी होती? दार फोडून आलेला शेजारी होता? त्यानंतर चिचा आला नाही.

पुढच्या रविवारी ल्युबिंका चर्चमध्ये गेली. एरवी ती ईस्टरलाच जाते. दाराशी मेणबत्त्या विकणारी बाई म्हातारी, खडूस, पण सगळ्या गावाच्या मेलेल्या-जगलेल्यांचा हिशोब तिच्या तोंडी. आमच्याकडे मेणबत्त्या दोन कप्प्यांत लावतात. वरच्या कप्प्यात जिवंतांसाठी, खालच्या कप्प्यात मेलेल्यांसाठी. ल्युबिंका पेटलेली मेणबत्ती हातात धरून मधेच उभी राहिली. वर हात नेला, मागे घेतला. खाली वाकली, पुन्हा सरळ झाली. मेण बोटांवर उतरायला लागलं. मागे लोक खोळंबले.

"अगं बाई, वर की खाली, ठरव की!" मेणबत्तीवाली कुजबुजली. "कोण आहे? जिवंत की गेलेला?"

"ठाऊक नाही मला."

"हे गं काय! आपल्याच धर्माचा ना?"

"तेही ठाऊक नाही."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. काय दिसलं तिला कोण जाणे. आवाज खाली आला तिचा. "बरं, असू दे. नाव सांग, मी पाद्रीबाबांना प्रार्थनेत घ्यायला सांगते. जिवंत असो, नसो, देव बघून घेईल त्याचं तो. काय नाव त्याचं?"

ल्युबिंकानं मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली. त्याचं काळीज चालताना तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

"विचारलं नाही हो मी," ती म्हणाली.