एलादियोचा पांढरा उंबरा

एलादियो कहापेची आणि त्या समुद्री इग्वानाची पहिली भेट झाली तेव्हा, एलादियोच्याच म्हणण्यानुसार, सूर्य झाकला गेला होता. दार उघडलं तर उंबऱ्यावर डोंगर. डोंगराच्या पाठीला करवतीचे दाते, आणि शेपूट एवढं लांब की टोक शोधायला होडी काढावी लागली असती. डोंगराने मान खालीवर केली आणि नाकातून खारट पाण्याची पिचकारी थेट त्याच्या धुतलेल्या विजारीवर मारली.

नार्सिसाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मते, तो सरडा शेपटासकट दाराच्या रुंदीएवढाच होता.

एलादियो इसाबेला बेटावरचा होड्यांचा मिस्त्री. हात सोन्याचा, पण स्वभाव असा जळका की बायकोने कोंबडीला जरा लाडाने हाक मारली तरी त्याला दुपारचं जेवण गोड लागायचं नाही. रोज सकाळी दोघं उंबऱ्यावर बसून कॉफी प्यायची. दिवसात तेवढाच वेळ नार्सिसा त्याच्याकडे बघायची. बाकी वेळ त्याने घरभर सांडलेल्या भुशाकडे. आता ती इग्वानाकडे बघू लागली.

"बघ रे म्हाताऱ्या, लग्नाचे कपडे चढवलेत याने. लाल काय, हिरवा काय! तू आपल्या लग्नात भावाचा शर्ट घातला होतास."

"ऊन चढेपर्यंत हलता येत नाही त्याला. ऐदी आहे."

"ऐदी? माद्यांसाठी जागा धरून बसलाय. हंगाम संपेपर्यंत समुद्रात शेवाळ खायलासुद्धा जात नाही. तू माझ्यासाठी एक वेळ तरी उपाशी राहिलायस?"

एलादियोच्या तोंडात तळलेल्या केळ्याचा गोळा होता.

प्राण्याला हात लावायची सोय नव्हती. बेटावर त्याबद्दल दंड होतो. मग एलादियोने मिस्त्रीचं डोकं चालवलं. होडीचा आतला तळ आपण पांढरा का रंगवतो? पाय भाजू नयेत म्हणून. इग्वाना उंबऱ्यावर का बसतो? काळा दगड तापतो म्हणून. नवरदेव माद्यांच्या मागे जरा लांब गेल्याचं बघून त्याने उरलेला पांढरा रंग उंबऱ्यावर ओतला.

युक्ती फळली. इग्वानाने गार उंबऱ्यावर पोट टेकवून बघितलं, मग तो शिंकला आणि शेजारच्या सेगुंदोच्या काळ्या भिंतीवर जाऊन पसरला. दुसऱ्या दिवशी एलादियोने ऐटीत दोन कप मांडले. नार्सिसाने आपला उचलला आणि ती भिंतीकडे चालू लागली.

सेगुंदो विधुर होता. इग्वानांमध्ये काही छोटे नर असतात; मादीसारखा गरीब चेहरा करून मोठ्याच्या हद्दीत कडेला पडून राहतात आणि त्याची पाठ वळली की डाव साधतात. एलादियोला हे पक्कं ठाऊक होतं. सेगुंदोचा चेहरा फारच गरीब होता.

"या, नार्सिसाबाई. गादी टाकलीय, दगड टोचतो."

"तिला नाही टोचत!" एलादियो कुंपणावरून ओरडला. "इतकी वर्षं नाही टोचला!"

"तू कधी विचारलं नाहीस," नार्सिसा म्हणाली.

एलादियोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली होडी अर्धवट टाकून, इग्वाना परत यावा म्हणून तो छिन्नी घेऊन उंबऱ्याशी बसला. रंग त्याच्याच हाताने लावलेला, म्हणजे पक्का, निघता निघेना. अखेर दगड पुन्हा काळा झाला, तोवर माजाचा हंगाम संपला होता. बरगड्या दिसायला लागलेला, रंग उतरलेला नवरदेव भिंतीवरून उतरला, लाटेत शिरला, आणि नंतर खडकावरच्या शेकडो काळ्या पाठींमध्ये कुठला तो ओळखू येईना.

एलादियोने पेढे वाटायचेच बाकी ठेवले. सकाळी काळ्या, तापलेल्या उंबऱ्यावर दोन कप मांडले.

"गेला तुझा नवरदेव," तो म्हणाला.

"गेला," असं म्हणून नार्सिसाने कप उचलला आणि ती भिंतीकडे निघाली.

"अगं, मग आता तिकडे काय आहे?"

"गादी."

पुढच्या हंगामात त्या उंबऱ्यावर कुठलाच इग्वाना आला नाही. नार्सिसा अजून सकाळची कॉफी सेगुंदोकडे पिते. एलादियोही जातो. स्वतःची खुर्ची घेऊन.