शिवाजीनगरच्या पुढची स्टेशनं

पुण्याला आम्ही कॅन्सर घेऊन गेलो आणि पुणं बघून आलो.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. फोटोला हार घातला, पाहुणे जेवून आपापल्या गावाला गेले. आता घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे लोहारा ते नळदुर्ग वडापची, म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी, जीप चालवायचे. अर्ध्या तालुक्याला त्यांनी बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला पोचवलं. मला मात्र माहेर आणि तुळजापूर सोडून कुठं नेलं नव्हतं. वेळच नसायचा.

मग त्यांचा घसा धरला. तो सुटेना.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. दापोडीला माझ्या भाच्याची खोली होती. तिथून रोज मेट्रोनं शिवाजीनगर, आणि पुढं चालत दवाखाना. रेडिएशन होतं. आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. सुट्टीचे दिवस सोडून रोज, दीड महिना.

पहिल्याच आठवड्यात ह्यांनी पिशवी भरायला घेतली.

"बास झालं. गावाकडं चल. घरी मरतो, पण हितं भाजून घेत न्हाय."

मी घाबरले. शेक अर्धवट सोडला तर काही उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. भांडून हा माणूस ऐकणारा नव्हता.

मी म्हणाले, "जाऊ की. पण एवढी जमिनीखालून रेल्वे जाते, पुढं काय आहे ते तरी बघू द्या मला. आज शेक घ्या, मग पुढं कसब्याच्या स्टेशनला उतरू."

"काय हाय पुढं?"

"शनिवारवाडा."

माझी शाळा चौथीपर्यंतच. बाकी सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि मग वाचनालयाच्या पुस्तकांवर झालं. शनिवारवाडा मी कितीदा तरी वाचला होता. बघितला नव्हता.

हे माझ्याकडं बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवली.

"चल."

वाडा बघून म्हणाले, "आत काय न्हाईच की! नुसता दरवाजा. ह्यांना म्हणावं, आमच्या नळदुर्गचा किल्ला बघायला या एकदा."

पण दुसऱ्या दिवशी शेक घेतला.

शिवाजीनगरच्या पुढं स्टेशनं मोजकीच. शेक मात्र पुष्कळ बाकी होते. म्हणून मी काटकसर सुरू केली. लाल महाल वाड्याच्या अगदी जवळ, पण तो मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला. कसबा गणपती तिसऱ्या दिवशी. मंडईला उतरलो की एक दिवस फक्त भाजीबाजार, एक दिवस तुळशीबाग. थोडं बघायचं आणि म्हणायचं, "अहो, दमले मी. राहिलेलं उद्या."

मनात म्हणायचे, स्टेशनं संपायच्या आत शेक संपू दे.

एकदा कसब्याला गाडीत चढलो. एक बाई जिन्यावरून पळत येत होती. जीपवाल्याला पॅसेंजर येताना दिसला की तो गाडी हलवत नाही. ह्यांनी सरळ दारात हात घातला.

"या मावशी, दमानं या! गाडी थांबलीय!"

दार वाजायला लागलं. खाली उभा असलेला गार्ड शिट्टी मारत धावला. "ओ काका! हात आत घ्या!"

"अर्धी गाडी मोकळी हाय बाबा. एवढी कशाची घाई तुमास्नी?"

बाई आत आली, गाडी सुटली, डब्यातली माणसं हसली. हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पुण्यात एक सीट भरली बघ."

त्या दिवशी ते खुशीत होते.

पुढं मान काळी पडली. गिळवेना, धड बोलवेना. मीच म्हणायचे, "आज राहू द्या, सरळ खोलीवर जाऊ." ते मानेनं नाही म्हणायचे आणि बोटानं पुढचं स्टेशन दाखवायचे. मंडईला वर आलं की पायरीवर बसायचे.

"जा, बघून ये. म्या हाय हितं."

मी आले की भुवई उडवून विचारायचे, काय बघितलं? मी सगळं सांगायचे. मला वाटायचं, लागली ह्यांना गोडी. जमलं आपल्याला.

शेवटचा शेक झाला त्या दिवशी शेवटचं स्टेशन, स्वारगेट. सारसबागेत गवतावर बसलो. मी भेळ खाल्ली, ह्यांनी ताक घेतलं. मग एसटीनं घरी.

काही महिने बरे गेले. पुन्हा जीपवर बसले. मग ते परत आलं, आणि या वेळी डॉक्टरांकडं काही नव्हतं.

एके दिवशी महेबूबभाई भेटायला आले. ह्यांच्याच लायनीवर त्यांची जीप. मी आत पेज करत होते.

"काय बाबू, पुण्याला लई फिरला म्हनं! ऐश केली की लेका!"

ह्यांचा आवाज तेव्हा नुसता वारा होता. तरी मला आत ऐकू आलं.

"म्या कशाचा फिरतो. मला पयल्या आठवड्यातच नको झालतं. पर ही शनिवारवाडा म्हणली ना, तवा हिचं तोंड बघितलं म्या. सगळ्या जगाला गाडीत घातलं, अन् हिला कुठं नेलं न्हाय. म्हणलं, चार स्टेशनं तर हायती. तेवढी दावू हिला."

थोडा दम खाल्ला.

"रोज म्हणायची, दमले, राहिलेलं उद्या. मला वाटायचं, खरंच दमती. म्हणून म्या रोज जायचो. हिचं बघायचं राहाया नको."



मी पेज ढवळत राहिले. खाली लागली तरी ढवळत राहिले.

नंतर वाटी घेऊन गेले, ती निवेपर्यंत फुंकर घातली, चमच्यानं भरवली. मला सगळं ऐकू आलंय हे त्यांना कळलं होतं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

आज बोलते.

मालक, माझं सगळं बघून झालं. काही राहिलं नाही. पोटभर बघितलं.

माझा मनापासून नमस्कार तुम्हाला. आता निवांत पडा.