एका स्वयंपाकघराचे दोन स्लॅब

आमच्या स्वयंपाकघरावर दोन स्लॅब आहेत. ते एकावर एक नाहीत, शेजारी शेजारी आहेत, आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

एक सकाळचा आहे, दुसरा दुपारच्या जेवणानंतरचा. दोघांमधली रेघ बरोबर गॅसच्या शेगडीवरून जाते. आल्यागेल्याला बाबा ती रेघ दाखवतात आणि मग मला दाखवतात. बोलत काही नाहीत. गरज पडत नाही!

कडावच्या अलीकडे आमचं गाव. स्वयंपाकघरावर आधी पत्रा होता. पावसाळ्यात आई एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्या हाताने टोप सरकवायची, कारण गळती रोज नवी जागा शोधायची. गेल्या वर्षी तर परातीतल्या तांदळाच्या पिठात वरूनच पाणी पडलं, आणि तेही नको तेवढं. आईने परात आदळली.

"पुढल्या पावसाआधी डोक्यावर स्लॅब पायजे. नायतर मी चालले म्हायेरी. तुमी बापलेकी बसा पत्रकं खात!"

पत्रकं माझी. कर्जत-खालापुरात बांधकामांवर माणसं कशी राबवली जातात यावर मी लिहिते, बोलते, घोषणा देते. बाहेर इतकं बोलणारी मुलगी घरच्या बांधकामावर गप्प बसली तर लोक काय म्हणतील? (लोक काहीच म्हणाले नसते. हे मला नंतर कळलं.)

मे महिन्यात स्लॅबचा दिवस ठरला. मिक्सर घेऊन येणारा टेंपो वाटेत बंद पडला, त्यामुळे नारळ फुटला तोच उशिरा. मुकादम बाळाराम हा मोठ्या आवाजाचा गृहस्थ. आल्या आल्या ओरडायला लागला, "पाणी घाल रं! आनखी घाल! सरसर सरकलं पायजे!" मी लगेच पुढे झाले.

"मिक्सरला नंतर पाजा! आधी माणसांना पाणी द्या!"

बाळाराम गोंधळला. त्याने माणसांना पाणी दिलं, आणि मिक्सरलाही दुप्पट दिलं. पहिला विजय!

मग एक यंत्र सुरू झालं. लांब नळीसारखं, काँक्रीटमध्ये खुपसलं की गुरगुरतं. ते धरणारा पोरगेला कामगार डोक्यापासून पायापर्यंत थरथरत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय चाललंय? याचे हात कामातून जातील! बंद करा ते!"

"अगं ताय, त्यो व्हायब्रेटर हाय. हालवायलाच असतंय ते."

"काँक्रीट हलवा! माणूस का हलवताय?"

"माणूस न्हाय हालला तर काँक्रीट कसं हालंल गं?"

युक्तिवादात मी हरत नाही. मी सरळ वायर काढली. उरलेलं काँक्रीट मग लोखंडी सळईने टोचटोचून बसवलं. बाबा म्हणाले, "प्राजू, कशाला मधे मधे?" मी म्हटलं, "बाबा, गप्प बसणारेच व्यवस्थेचे खरे आधार असतात!" बाबा सेंट्रिंगच्या बांबूंकडे बघत राहिले. खरे आधार ते होते.

आता मुख्य प्रकरण. आमच्याकडे स्लॅब पडला की कामगारांना मटणाचं जेवण घालायची पद्धत आहे. स्लॅब पडला *की*. मधे चहा-बिस्कीट, पण ताट शेवटी. हे मला माहीत होतं. पण एक वाजला, ऊन मी म्हणत होतं, आईच्या मटणाचा वास वरपर्यंत पोचला होता, आणि बायका अजून घमेली वाहत होत्या. अर्धा स्लॅब झाला होता. मी शिडी चढून वर गेले आणि हात वर केला.

"बंधू-भगिनींनो! दुपारची सुट्टी हा तुमचा हक्क आहे!"

कुंपणापलीकडच्या वाडीवरची जनीबाई डोक्यावर घमेलं घेऊन म्हणाली, "आमी कवा नाय म्हनलो? पन आधी ह्ये सपू दे की."

"बघा! इतकी सवय लागलीय पिळवणुकीची, की सुट्टीसुद्धा नको वाटतेय!"

बाळाराम खालून बोंबलला, "ताय, अर्ध्यावर थांबत नसतोय स्लॅब! जोड पडंल!"

"जोड माणसामाणसांत पडायला हवा!" मी म्हटलं. (टाळ्या पडल्या नाहीत. हातात घमेली होती.)

शेवटी जनीबाईने घमेलं रिकामं केलं. "चला गं बायांनो. जेवल्याबिगर ही पोरगी खाली उतरायची नाय."

माणसं जेवली. चांगली जेवली. आईने आग्रह करकरून वाढलं, कारण अर्ध्यावर का होईना, दारात जेवायला बसलेल्याला कमी वाढायचं नाही हे तिचं तत्त्व. मटण-भातानंतर मे महिन्याच्या उन्हात जे होतं तेच झालं: मुकादमासकट अख्खी टोळी आंब्याखाली आडवी! मी पहारा देत होते, कुणी उठवू नये म्हणून. वर सकाळचं काँक्रीट निवांत घट्ट होत होतं.

संध्याकाळी उरलेला स्लॅब पडला. आईने हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून ती स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी भरायला लागली. हंडेच्या हंडे! तिकडे वाडीवरच्या बायका पाण्यासाठी केवढी पायपीट करतात, आणि इकडे आम्ही सिमेंटला पाजतोय? मी बोअरचा पाइप कुंपणापलीकडे सोडला. जनीबाई खूश, वाडी खूश, मी खूश. स्लॅब तेवढा उन्हात पापडासारखा वाळला.

पुढे सेंट्रिंग काढलं, आई मान वर करून उभी राहिली, आणि तिचा चेहरा उतरला. एका बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, आतली सळई डोकावतेय. मधून आरपार रेघ. वरच्या अंगाला बारीक तडे, आणि हात फिरवला की पावडर! बाबांनी वर बादलीभर पाणी ओतलं. ते रेघेतून थेट खालच्या पेटत्या शेगडीवर ठिबकलं. चर्र!

आई खाली बसली. "पत्रा बरा हुता," म्हणाली. "त्यो निदान जागा तरी बदलायचा."

मला ते सहन झालं नाही. आईच्या डोक्यावर असलं निकृष्ट काम? मी रातोरात पत्रक काढलं: "मुकादम बाळाराम, जबाब दो!!!" गावात वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच स्वयंपाकघरात जाहीर चौकशी ठेवली. अध्यक्ष: मी.

निम्मं गाव आलं. बाळाराम टोळी घेऊन आला.

"ही भोकं कशी पडली?" मी कडाडले.

"व्हायब्रेटर बंद व्हता. आत हवा ऱ्हायली."

"कुणी बंद केला?"

सगळे नुसते बघत होते. माझ्याकडे.

"बरं. ही रेघ?"

"सकाळचं सुकलं, मग दुपारचं लावलं. सुकल्याला वलं धरत नाय."

"मधे काम थांबवण्याचा आदेश कुणाचा?"

"तुजाच की गं," जनीबाई कौतुकाने म्हणाली. "लय ग्वाड बोलली व्हतीस."

माझा आवाज खाली आला. "तडे?"

"पानी मारलं नाय उनात," आई म्हणाली, "पाइप वाडीवर व्हता."

"ही पावडर तरी?" मी जवळजवळ विनवलं.

बाळारामने डोकं खाजवलं. "ती माजी. पानी जास्त घातलं मी मालात."

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हात हातात घेतला. एक तरी दोषी सापडला होता! पण माझा अहवाल लिहून होईस्तोवर आईने त्याला चहा दिला होता आणि दोघं मिळून वर बघत होते.

"मुकादम, पाऊस तोंडावर आलाय. माज्या भाकरीचं सांगा."

"वयनी, पोळं फोडून पुन्ना भरतो. सळई झाकली पायजे. रेघ खोदून मसाला घालतो, वरनं तड्यांसकट सगळा कोबा करतो. एक थेंब येनार नाय." मग थांबून हळूच म्हणाला, "फकस्त त्या दिशी ताय घरात नसावी."

मला खालापूरला मावशीकडे पाठवण्यात आलं. (मी निषेध नोंदवला. आईने डबा बांधून दिला.) परतले तर वर आळ्यांमध्ये पाणी डबडबलेलं, आणि खाली आई शेगडीशी बसून कोरडी, टम्म फुगलेली भाकरी उलटत होती. चक्क गाणं गुणगुणत होती! मी मान वर करून खूप वेळ थेंबाची वाट पाहिली. आला नाही. माझ्यावाचून एखादं काम इतकं नीट होऊ शकतं, हे मला अजून पटलेलं नाही.

आता पंचक्रोशीत मला मान आहे. परवा वरच्या आळीतले दगडूकाका चपला काढून, अदबीने ओट्यावर येऊन बसले.

"प्राजूताई, सोमवारी तुजा मोर्चा हाय का गं कुठं?"

"नाही काका. का?"

"मंग काढ की एखादा," ते कळवळून म्हणाले. "लांब कुठंतरी काढ. आमचा स्लॅब हाय!"