मैनुद्दीन मिस्त्री आपण होऊन आला
मैनुद्दीन मिस्त्री खोटं बोलायचा ते फक्त दवाखान्यात. चौसाळ्यात त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "इंजिन गेलंय, गाडी विकून टाक बे." पण स्वतःच्या अंगाचं विचारलं की एकच उत्तर, "काई न्हाई, जरा गॅस हाय." हात मोडला तेव्हासुद्धा गडी हेच म्हणाला होता.

मी राधाकिशन. वीरभद्र डॉक्टरांकडे बावीस वर्षं कंपाउंडर होतो, म्हणून हे मला ठाऊक. डॉक्टर मैनुद्दीनला काही विचारतच नसत. बायको, अकबरीभाभी, त्याला ओढत घेऊन आली की हसत औषध द्यायचे, वर चहा पाजायचे. तो आपण होऊन आला की मात्र हातातलं काम टाकायचे. असा तो दोनदाच आला. एकदा अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, एकदा डेंग्यू. दोन्ही वेळा डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या गाडीत घालून बीडला नेलं. यातलं कागदावर काहीच नव्हतं, सगळं डॉक्टरांच्या डोक्यात. आणि गेल्या वर्षी डॉक्टरच गेले.

मग मी हायवेवरच्या नव्या हॉस्पिटलात चिठ्ठ्या फाडायला लागलो. तिथं डॉक्टर दर चार महिन्यांनी बदलतो. सुरुवातीला एका म्हातारीबद्दल आत जाऊन दोन शब्द बोललो, तर सगळ्यांसमोर झापलं मला. "डॉक्टर तुम्ही की मी?" पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे फार लागतं. तेव्हापासून मी तोंड शिवलं.

एका मंगळवारी सकाळी मैनुद्दीन एकटाच आला. शर्ट घामानं चिंब, चेहरा हसरा.

"भाभी कुठंय?" मी विचारलं.

"तिला कावून सांगायचं? जरा गॅस हाय, राधाकिशनभाऊ."

म्हणजे तो आपण होऊन आला होता. डॉक्टरचं दार पाच पावलांवर होतं. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, बावन्न, आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. आत तो गॅस म्हणाला, डॉक्टरनं गॅसची गोळी दिली. त्या डॉक्टरवर मी राग धरत नाही, त्यानं मैनुद्दीनला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. मी तर ओळखत होतो. मी भित्रा निघालो, दुसरा शब्द नाही. दुपारी गॅरेजात चाक बसवता बसवता मैनुद्दीन छाती धरून आडवा झाला, तो उठलाच नाही.

नवरा गेल्यावर घरात पाळायचे इद्दतीचे महिने संपल्यावर अकबरीभाभी चक्कर येते म्हणून हॉस्पिटलात आली. खुर्चीत तोवर दुसराच डॉक्टर. या वेळी मी कुणाला न विचारता तिच्यासोबत आत गेलो.

"घरात कुणाला हृदयाचा त्रास?" डॉक्टरनं लिहिता लिहिता विचारलं.

"ह्यांना होता."

"कुठं दाखवलं होतं?"

भाभीनं माझ्याकडं बघितलं.

"हितंच," ती म्हणाली.